‘रूट्स’ची पार्श्वभूमी : कुंटा किंटे खरा की कल्पित?

ॲलेक्स हेलीच्या याच नावाच्या पुस्तकावरची ‘रूट्स’ ही टीव्ही मालिका अमेरिकेत २३ ते ३० जानेवारी १९७७ अशी सलग आठ रात्री दाखवली गेली. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया नदीकाठच्या जुफुरे गावातून गुलाम म्हणून पकडून नेलेला मांडिंका जमातीचा तरुण कुंटा किंटे, आईबापांपासून तोडून विकली गेलेली त्याची मुलगी किझी, तिचा मुलगा ‘चिकन जॉर्ज’ आणि यादवी युद्धानंतर मोकळं झालेलं त्यांचं कुटुंब, अशी ती कथा. शेवटच्या रात्री अमेरिकेत चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी ७१ टक्के संचांवर हीच मालिका लागली होती.

आठ रात्रींचा निर्णय नंतर धाडसी ठरला. तेव्हा तो तसा होता का, यावर एकमत नाही. वाहिनीच्या प्रमुखाला एका दमात परिणाम साधायचा होता, असं काही जण सांगतात. इतरांच्या मते, गोऱ्या प्रेक्षकांनी पाठ फिरवलीच तर फेब्रुवारीतल्या प्रेक्षकमोजणीआधी विषय आटोपलेला बरा, हा हिशेब होता. मला दुसरी हकिकत पटते. भीतीच्या खुणा मालिकेतच आहेत. गुलामांच्या जहाजाचा कप्तान मनाच्या टोचणीने तळमळताना दाखवला, आणि गोऱ्या पात्रांसाठी घराघरांत लाडके असलेले नट घेतले.

खरा गुंता मात्र ‘फॅक्शन’ या शब्दाचा आहे. फॅक्ट आणि फिक्शन जोडून केलेला हा शब्द मूळ पुस्तकाच्या लेखकाने स्वतःच्या लिखाणासाठी वापरला. प्रसंग आणि संवाद बरेचसे कल्पनेतले, वंशावळ मात्र खरी, असं त्याचं म्हणणं. बखर हातात घेणाऱ्या मराठी वाचकाला घटना आणि सांगणाऱ्याची रंगत वेगळी काढायची सवय असते. इथे वाचकाला तशी सूचना मिळाली नाही. १९७६ मध्ये पुस्तक आलं ते कादंबऱ्यांत नव्हे, वास्तवकथनाच्या यादीत विकलं गेलं. कुंटा किंटे हा लेखकाचा प्रत्यक्ष पूर्वज आहे, असंच कोट्यवधी लोकांनी मानलं.

मग एकेक धागा उसवत गेला. एप्रिल १९७७ मध्येच लंडनच्या एका वृत्तपत्राने जुफुरेला जाऊन लिहिलं की लेखकाला वंशकथा सांगणारा म्हातारा हा परंपरेने घडलेला ग्रिओ, म्हणजे पिढ्यांच्या कथा तोंडपाठ सांगणारा, नव्हताच, आणि पाहुण्याला काय ऐकायचं आहे हे गावाला आधीच कळलेलं होतं. १९७८ च्या अखेरीस उचलेगिरीच्या दाव्यात साडेसहा लाख डॉलरवर तडजोड झाली; दुसऱ्याच्या कादंबरीतले काही उतारे आपल्या पुस्तकात आल्याचं लेखकाने कबूल केलं. १९८१ मध्ये दोन वंशावळ-अभ्यासकांनी व्हर्जिनियातले कागद तपासले. कुंटाला आणणारं ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाज मेरीलँडमधल्या ॲनापोलिस बंदराला लागलं २९ सप्टेंबर १७६७ रोजी; आणि ज्याला लेखक कुंटा समजत होता तो टोबी नावाचा गुलाम १७६२ पासूनच व्हर्जिनियातल्या मालकाच्या कागदांत होता.

हे आक्षेप खरे आहेत आणि उचलेगिरीचं समर्थन होऊ शकत नाही. तरी कागद मागताना ते कोणी लिहिले हेही विचारायला हवं. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी पत्रकं होती: मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. मुक्त झालेली माणसं नावानिशी दिसतात ती १८७० पासून. त्यापलीकडे पणजोबा शोधायचा तर मालकाचं मृत्युपत्र, विक्रीखत, कर्जाचे दस्तऐवज चाळावे लागतात, कारण माणूस तिथे मालमत्ता म्हणून नोंदलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. आपलं नाव कुणाच्या तरी वहीत आहे हा दिलासा ज्यांच्याकडून हिरावून घेतला गेला, त्यांनी एका म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, हे मला समजतं.

मालिकेनंतर कृष्णवर्णीय कुटुंबं अभिलेखागारांत मोठ्या संख्येने जाऊ लागली. १९७९ मध्ये पुढचा भाग आला, त्यात कथा थेट लेखकापर्यंत पोचली. ॲनापोलिसच्या धक्क्यावर स्मारक झालं. गांबिया नदीतलं जेम्स बेट २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि २०११ मध्ये त्याला कुंटा किंटेचं नाव मिळालं.

२०१६ मध्ये मालिका नव्याने झाली. या वेळी जुफुरे जगापासून तुटलेलं खेडं न दाखवता व्यापाराने गजबजलेलं गाव दाखवलं. इतिहासकारांचं तेवढं ऐकलं गेलं. वंशावळ तशीच ठेवली. कुंटा, किझी, जॉर्ज, जॉर्जचा मुलगा टॉम, त्याच क्रमाने.