स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या एमएस्सीसाठी अर्ज: मान्यता, इंटर्नशिपचा दाखला आणि आरक्षणाची प्रमाणपत्रे

बीएएसएलपीनंतर, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांच्या पदवीनंतर, स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या (बोलणे, भाषा आणि गिळणे यांच्या विकारांवरील उपचारशास्त्राच्या) एमएस्सीसाठी केलेले जे अर्ज माझ्यासमोर बाद झाले, त्यांतले बहुतेक गुणांअभावी नव्हे, तर कागदांमुळे बाद झाले. प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळवूनही केवळ प्रमाणपत्राचा नमुना चुकला म्हणून पडताळणीच्या टेबलावरून परत जाणारी मुले पाहिली आहेत, म्हणून ही माहिती थोडी विस्ताराने देत आहे.

संस्था निवडताना सर्वांत आधी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता पाहावी. ही मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमागणिक, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीपुरती असते. एखाद्या महाविद्यालयाच्या बीएएसएलपीला मान्यता आहे, यावरून तिथल्या एमएस्सीलाही ती आहे असे समजू नये. आरसीआयच्या संकेतस्थळावरील यादीत आपला अभ्यासक्रम आणि आपले प्रवेशवर्ष दोन्ही स्वतः तपासावीत. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये. १९९२ च्या आरसीआय कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे आणि अमान्य अभ्यासक्रमाच्या पदवीवर नोंदणी मिळत नाही.

मान्यता असलेल्या संस्थांमधून निवड करताना इमारतीपेक्षा बाह्यरुग्ण विभाग पाहावा. पक्षाघातानंतर बोलणे गेलेले रुग्ण, गिळण्याच्या तक्रारी, दुभंगलेल्या टाळूची मुले, स्वरयंत्राचे विकार, तोतरेपणा, स्वमग्नता यांपैकी काय आणि किती हाताळायला मिळते, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. रुग्णालयाला जोडलेल्या विभागात गिळण्याच्या विकारांचा अनुभव मिळण्याची शक्यता अधिक असते. भाषेचाही विचार करावा, कारण आपली उपचारपद्धतीच भाषेवर उभी आहे. मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत अध्यापन आणि संशोधन भक्कम आहे, पण तिथे येणाऱ्या रुग्णांत कन्नड बोलणारे पुष्कळ असतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा नायर रुग्णालय इथे मराठी आणि हिंदी रुग्ण भेटतात. पुढे महाराष्ट्रात काम करायचे असेल, तर हा फरक मोठा आहे.

पात्रतेसाठी बहुतेक ठिकाणी बीएएसएलपीत किमान ५५ टक्के गुण मागतात. श्रेणी असेल, तर टक्केवारीत रूपांतर करणारे पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्यावे. खरी अडचण इंटर्नशिपच्या दाखल्याची आहे. अर्ज भरण्याच्या वेळी एक वर्षाची इंटर्नशिप सहसा संपलेली नसते, त्यामुळे पूर्ततेचा दाखला त्या वेळी कुणाकडेच नसतो. अशा वेळी ‘विद्यार्थ्याची इंटर्नशिप अमुक तारखेला पूर्ण होईल’ असे स्पष्ट तारखेसह पत्र विभागप्रमुखांकडून घ्यावे आणि ती तारीख माहितीपुस्तिकेतील अंतिम तारखेच्या आत येते का, हे ताडून पाहावे. इथे अनेकांची गफलत होते: अर्जाची शेवटची तारीख आणि इंटर्नशिप पूर्ण करण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत. जादा रजेमुळे इंटर्नशिप पंधरा दिवस लांबली, तर तेवढ्यानेही जागा जाऊ शकते. म्हणून शेवटच्या महिन्यांत रजा जपून घ्यावी.

दुसरा अडथळा आरक्षणाच्या प्रमाणपत्रांचा. मैसूर आणि वांद्रे या दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळे तिथे राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालत नाही. केंद्रीय नमुन्यातीलच लागते. सेतू केंद्रात नुसते ‘नॉन-क्रीमी लेयर’ म्हटले, तर राज्याचाच नमुना हातात पडतो आणि फरक कुणी समजावून सांगत नाही, याचा मला दरवर्षी संताप येतो. अर्जावरच ‘केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्थेतील प्रवेशासाठी’ असे लिहावे. विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे वर्ग केंद्रात नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, ते पाहूनच रकाना भरावा. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षणही तिथे लागू नाही; मात्र ज्यांची जात केंद्राच्या कोणत्याही आरक्षणात येत नाही, त्यांना निकषांत बसल्यास ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, अर्ज करता येतो.

ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असावे लागते आणि त्यात शेती व पगार दोन्ही धरले जातात. शिवाय पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असल्यास अपात्र ठरवतात. उत्पन्न आदल्या आर्थिक वर्षाचे पाहतात, म्हणून मार्चमध्ये काढलेले प्रमाणपत्र मे-जूनच्या अर्जाला जोडणे ही नेहमीची चूक आहे. एप्रिल उजाडताच तहसील कार्यालयात नवा अर्ज द्यावा, कारण तिथे किती दिवस लागतील याचा नेम नसतो.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) आणि ओळखपत्र ही कागदपत्रे नेहमीचीच. फक्त सर्वांवर नाव एकसारखे असावे. बीएएसएलपीची आरसीआय नोंदणी चालू ठेवावी, आणि एमएस्सी झाल्यावर त्याच नोंदणीत अतिरिक्त पात्रता जोडण्यासाठी आरसीआयकडे वेगळा अर्ज करावा. ती नोंद आपोआप होत नाही.