मोठी कमान म्हणजे मोठा मासा?

फिश फाइंडरच्या, म्हणजे ध्वनी सोडून पाण्यातले मासे शोधणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर लांब कमान उमटली की खाली मोठा मासा आहे, हा समज पक्का रुजलेला आहे. नांगरलेल्या होडीखाली वीतभर मासा नुसता थांबून राहिला, तरी पडदाभर रेघ ओढतो. कारण पडद्याची आडवी बाजू अंतर नव्हे, वेळ दाखवते. अगदी उजवीकडचा उभा पट्टा आत्ताचा, बाकी सगळा इतिहास.

कमान होते कशी? होडीला बसवलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग, ध्वनीचा ठोका सोडतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी 20 मिलिसेकंदांनी परतला तर वस्तू 15 मीटरवर. ध्वनी शंकूसारखा पसरतो. 20 अंशांच्या शंकूचा 10 मीटर खोलीवरचा व्यास साडेतीन मीटर. तिथला मासा शंकूच्या कडेला असताना अंतर 10.15 मीटर, बरोबर खाली आल्यावर 10 आणि पलीकडच्या कडेला पुन्हा 10.15. यंत्र याच अंतराला खोली समजतं, म्हणून कमान. तिची उंची जेमतेम 15 सेंटिमीटर, आणि तिचा माशाच्या लांबीशी काही संबंध नाही! पडद्यावर उभे 480 ठिपके आणि 20 मीटर खोली असेल, तर ही कमान तीन-चार ठिपक्यांची होते. झूम करून पाच मीटरचाच थर पाहिला तर चौदा-पंधरा. म्हणून पडदा घेताना इंचांआधी उभे ठिपके मोजा.

माशाच्या अंदाजाला कमानीची जाडी आणि रंग थोडेफार उपयोगी. त्यातही प्रतिध्वनीचा मोठा वाटा पोटातल्या हवेच्या पिशवीचा, म्हणजे वाताशयाचा. मुशीला ती नसते, त्यामुळे अंगाच्या मानाने मुशी फिकी दिसते. पडद्यावरची माशांची गोंडस चित्रं मात्र निव्वळ सॉफ्टवेअरची अटकळ. बुडबुडे आणि पाणवनस्पतींनाही ते मासे ठरवतं. ती सोय बंदच ठेवावी.

ध्वनीची वारंवारता खोल पाण्याला 50 किलोहर्ट्झ, उथळ पाण्यातल्या तपशिलाला 200. एकाच वारंवारतेचा 0.1 मिलिसेकंदाचा ठोका साडेसात सेंटिमीटरपेक्षा जवळचे दोन मासे वेगळे दाखवू शकत नाही. चर्प सोनार या प्रकारचं यंत्र ठोक्यातच वारंवारता चढवत नेतं, म्हणून एकमेकांजवळचे किंवा तळाला चिकटलेले मासे सुटे दिसतात. खर्च करायचा तर इथे. 455 किंवा 800 किलोहर्ट्झची साइड इमेजिंग, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र काढणारी सोय, बुडालेलं झाड सावलीसकट दाखवते, पण होडी सरळ आणि संथ चालवली तरच. वळणावर चित्र ताणतं. जाहिरातीतल्या वॉटांना भुलू नका: पीक-टू-पीक, म्हणजे लाटेच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलेले, 4000 वॉट म्हणजे आरएमएस, अर्थात सरासरी शक्ती, फक्त 500.

वेग वाढताच तळ गायब होत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी होडीची मागची फळी पाहा, जिथे ट्रान्सड्यूसर बसवलेला असतो. ट्रान्सड्यूसरवरून बुडबुडे गेले की ध्वनी तिथेच अडतो. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून आणि रिव्हेटांच्या रांगेमागून दूर, तळाच्या किंचित खाली हवा. आतून चिकटवायचा असेल तर फक्त भरीव फायबरग्लासमध्ये. लाकूड, धातू किंवा फोम भरलेल्या तळातून ध्वनी नीट पार होत नाही. इंजिन सुरू करताच पडद्यावर तिरक्या रेघा आल्या, तर वीज इंजिनाच्या वायरिंगमधून न घेता फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्या.