कंपायलरमधला डीफॉल्ट मानकबदल

सी किंवा सी++ या भाषांतला प्रोग्राम कोणत्या मानकाप्रमाणे, म्हणजे भाषेच्या नियमांच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे, वाचायचा हे सांगितले नाही, तर कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) स्वतःच एक मानक धरून चालतो. हे न सांगता धरलेले मानक म्हणजे डीफॉल्ट मानक. कंपायलरच्या नव्या आवृत्तीत ते बदलले की कोडची एक ओळही न हलवता कालपर्यंत बिनतक्रार होणारा बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम घडवण्याचे काम) अडतो. कंपाइलच्या आदेशात 'एसटीडी' पर्याय लिहून मानक पक्के केलेल्यांना याची झळ बसत नाही. बसते ती काहीच न लिहिणाऱ्यांना.

ग्नू प्रकल्पाच्या जीसीसी या कंपायलरची गोष्ट बोलकी आहे. सी९९ मानक १९९९ मध्ये आले, पण जीसीसी २०१५ पर्यंत 'ग्नू८९' वरच, म्हणजे सी८९ आणि वर ग्नूच्या जोडण्या यांवरच, ठाण मांडून होता. फॉर लूपच्या कंसातच 'इंट आय' लिहिले की 'हे फक्त सी९९ मध्ये चालते' अशी एरर यायची, ती याचमुळे. मग जीसीसी ५ ने थेट ग्नू११ वर उडी मारली. सी९९ च्या वाट्याला डीफॉल्टपण आलेच नाही. त्या उडीत 'इनलाइन' चा अर्थ बदलला. पूर्वी नुसते 'इनलाइन' लिहिलेल्या फंक्शनची इतर फाइलींना वापरता येईल अशी प्रतही तयार होई, आता होईना. कंपाइल सुरळीत, आणि लिंकरच्या (कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) पायरीला फंक्शन बेपत्ता! २०१८ मध्ये डीफॉल्ट झालेला ग्नू१७ मात्र निमूट पचला, कारण सी१७ म्हणजे सी११ ची शुद्धिपत्रासह आवृत्ती.

खरा दणका एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने, ग्नू२३ आणून दिला. 'इंट बेरीज();' या फंक्शनच्या जुन्या घोषणेचा अर्थ 'किती आर्ग्युमेंट्स (फंक्शनला द्यायची मूल्ये) ते सांगत नाही' असा होता; सी२३ मध्ये तो 'एकही नाही' असा झाला. त्यामुळे पुढे 'बेरीज(२, ३)' दिसले की कंपायलर आर्ग्युमेंट्स जास्त झाल्याची एरर देतो. 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' हे कीवर्ड (भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द) झाल्याने 'टाइपडेफ इंट बूल;' ही जुन्या हेडर फाइलींतली ओळही बाद ठरली. लिनक्स वितरणांच्या पॅकेज सांभाळणाऱ्यांनी कित्येक ठिकाणी कोडला हात न लावता आदेशात ग्नू१७ लिहून वेळ मारून नेली.

सी++ मधले धोके अधिक छुपे. २०१६ च्या जीसीसी ६ ने ग्नू++९८ वरून ग्नू++१४ धरला. सी++११ पासून डिस्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या फंक्शनमधून) एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, बाहेर पडणार नाही असे गृहीत असते. तरी ते निसटले, तर प्रोग्राम चालता चालता बंद पडतो. बिल्ड अडला तर निदान लगेच कळते, असे बंद पडणे कळायला मात्र मुहूर्त लागतो.

रस्ट या भाषेने ही कटकट वेगळ्या रीतीने टाळली. तिथे प्रत्येक प्रकल्प आपली 'एडिशन', म्हणजे भाषेच्या नियमांची आवृत्ती, स्वतःच्या कार्गो फाइलीत (प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलीत) नोंदवतो आणि काहीच न सांगितल्यास रस्टचा कंपायलर आजही २०१५ ची एडिशन धरतो.

मानक पक्के करूनही एखादा कोपरा सुटतोच. लिनक्स कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) २०२२ मध्ये, ५.१८ आवृत्तीत, ग्नू८९ सोडून ग्नू११ घेतला, आणि तो मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) स्पष्ट लिहिलेला होता. पण एक्स८६ प्रोसेसरांसाठीच्या बूट कोडचे (संगणक सुरू होताना चालणाऱ्या कोडचे) पर्याय वेगळे ठेवलेले; तिथे मानक लिहायचे राहून गेले होते. जीसीसी १५ आल्यावर नेमका तोच भाग 'बूल' आणि 'फॉल्स' वर अडला, आणि तिथेही ग्नू११ लिहावे लागले.