टेलोमिअरची लांबी नेमकी कशाने मोजली?

मुंबईत हल्ली तपासणीच्या पॅकेजात 'जैविक वय' सांगणारे रिपोर्ट मिळतात. टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, 'आखूड' असल्याचं त्यात छापलेलं असतं. ते कोणत्या पद्धतीने ठरवलं, हे अनेकदा नसतं. खरा प्रश्न तिथेच आहे.

माणसाच्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी हा डीएनएच्या सहा अक्षरांचा क्रम शेकडो-हजारो वेळा येतो, हे १९८८ मध्ये कळलं. पेशी विभागत जातात तशी ही टोकं झिजतात, हे हार्ले, फुचर आणि ग्रायडर या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं, तेही सदर्न ब्लॉट या पद्धतीने. यात एन्झाइम बाकीच्या डीएनएचे बारीक तुकडे करतात, पण टोकाच्या क्रमात त्यांना कापायला जागाच सापडत नाही. तुकडे जेलमधून लांबीप्रमाणे वेगळे करून त्यांना प्रोब (टोकाच्या क्रमाला चिकटणारा खुणेचा तुकडा) लावला की एक नेमकी रेघ उमटत नाही, लांबच लांब धूसर पट्टा दिसतो, कारण प्रत्येक टोकाची लांबी निराळी. त्या पट्ट्यावरून सरासरी काढायची. टोकाशेजारचा थोडा भागही त्यात धरला जातो, डीएनएही बराच लागतो. तरीही नव्या पद्धती पडताळायला आजही हीच कसोटी.

रुग्णाच्या दृष्टीने मोलाची ठरली ती १९९८ ची फ्लो-फिश ही पद्धत. चमकणारा प्रोब पेशींत सोडून लिम्फोसाइटचे (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) टेलोमिअर वेगळे मोजता येतात. परळच्या रुग्णालयांत अस्थिमज्जा निकामी झालेलं मूल येतं, तेव्हा डिस्केराटोसिस कंजेनिटाची (टेलोमिअर फार आखूड असण्याचा जन्मजात आजार) शंका असेल तर ही तपासणी निर्णायक ठरू शकते. मज्जा देणाऱ्या भावंडाचीही करावी. वरून धडधाकट दिसणाऱ्या भावंडात तोच दोष असू शकतो.

२००२ मध्ये काव्थन या संशोधकाने पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची, पद्धत आणली. स्वस्त, चिमूटभर डीएनएत होणारी; यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-नमुन्यांच्या साठ्यातले पावणेपाच लाखांच्या घरातले नमुने तिनेच मोजले गेले. पण हाती येतं ते टेलोमिअरचं दुसऱ्या एका जनुकाशी गुणोत्तर, लांबी नव्हे, आणि डीएनए वेगळ्या किटने काढला तरी ते बदलतं. एकट्या माणसाचं वय त्यावरून सांगणं मला अजिबात पटत नाही.

सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचण्याने, आधी अंदाजच दिला. २०१४ चं टेलसेक हे सॉफ्टवेअर टीटीएजीजीजी हा क्रम सात किंवा जास्त वेळा असलेले तुकडे मोजून सरासरी काढतं. शे-दीडशे अक्षरांच्या तुकड्यात अख्खं टोक मावत नाही. नॅनोपोर या लांब तुकडे वाचणाऱ्या तंत्राचं वाचन मात्र टोकापासून गुणसूत्राच्या आतपर्यंत सलग जातं, म्हणून टोक कोणत्या गुणसूत्राचं तेही कळतं. २०२४ मध्ये ग्रायडर यांच्याच गटाने दाखवलं, की काही टोकांच्या सरासरी लांबीत सहा हजारांहून जास्त अक्षरांचा फरक असतो, आणि तो जन्मापासून दिसतो.