६१७ आकडी चावी आणि एमएच १५

शेजारच्या काकांनी नवी गाडी घेतली आणि नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत जादा पैसे भरून बेरीज नऊ येईल असा नंबर मिळवला. नऊच्या आकड्याने अपघात टळतात का, ते पावसाळ्यातल्या खड्ड्यांना विचारावं. पण एमएच १५ च्या एका सिरीजमध्ये ०००१ ते ९९९९ एवढेच नंबर असतात, हा हिशेब मात्र माझ्या डोक्यात राहिला.

"बँकेच्या साइटची चावी म्हणे २०४८ बिटांची असते. ती कोण फोडणार?" काकांनी विचारलं. खरंय, चावी म्हणजे माहितीला कुलूप लावणारी एक प्रचंड संख्या आणि ही लिहायला ६१७ आकडे लागतात. पण चावी किती लांब, यापेक्षा ती किती चाव्यांतून निवडली हे महत्त्वाचं.

चावी बनवायला बेभरवशाचे आकडे लागतात आणि कॉम्प्युटर तर पक्का आज्ञाधारक: तेच दिलं की तेच परत. म्हणून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम बाहेरून बेभरवसा गोळा करते. बटण नेमकं कोणत्या क्षणी दाबलं, डिस्कने किती वेळ घेतला, असं काहीबाही. ओपनएसएसएल हे चाव्या बनवणारं सॉफ्टवेअर हे सगळं एका पातेल्यात ओतून ढवळतं आणि त्यातून चावी काढतं. चव वाढवायला ते मेमरीतला, स्वतः काही न लिहिलेला, आधीचा गाळ असलेला तुकडाही टाकत असे. चुका हुडकणाऱ्या व्हॅलग्रिंड या प्रोग्रामला ते खटकायचं आणि तो इशाऱ्यांचा पाऊस पाडायचा.

२००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका अवताराच्या मंडळींनी हे इशारे थांबवण्यासाठी सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या. एक गेली तरी चालणार होतं. दुसरी म्हणजे पातेल्यात ओतणारा हातच! मग आत उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामला लिनक्स देतं तो नंबर. तो तेव्हा सहसा ३२,७६७ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका जातीच्या आणि एका लांबीच्या चाव्या साधारण तेवढ्याच. एमएच १५ च्या चार सिरीजसुद्धा भरणार नाहीत! चावी जोडीनेच बनते, एक जाहीर आणि एक गुप्त. सगळ्या जोड्या आधीच बनवून ठेवायच्या, समोरच्याची जाहीर चावी यादीत शोधायची, शेजारी तिची गुप्त जोडीदारीण तयार.

चाव्या दिसायला धडधाकट होत्या, कुलपंही नीट लागत होती, त्यामुळे जवळपास दोन वर्षं कुणाला पत्ता नाही. डेबियनचेच एक डेव्हलपर लुसियानो बेलो यांच्या लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला डेबियनने इशारा दिला. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूतही तोच घोळ होता. सॉफ्टवेअर अपडेट करून जुन्या चाव्या सुधारत नव्हत्या, त्या टाकूनच द्याव्या लागल्या. डिजिटल सही करायला वापरतात ती डीएसए जातीची चावी तर दुसरीकडे चांगली बनलेली असली, तरी अशा मशीनवर तिने एक सही केली की बाद, कारण त्या सहीलाही दर वेळी नवा गुप्त आकडा लागतो आणि तो ओळखता आला की चावी गणिताने सुटते.

काकांना एवढं सांगून मी लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं आणि त्याचा प्रोसेस क्रमांक दाखवला: ६३२७. "तेव्हा तुमची चावी अशा एका आकड्यावरून कळली असती."

काकांनी बोटांवर मोजलं. "अठरा. म्हणजे नऊच की!"