कपाटात पंखा आहे तरी रोपं भाजतायत? हवा फिरवणं वेगळं, हवा बदलणं वेगळं

मावशीने पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एक जुनं प्लायवूडचं कपाट रिकामं केलं, आतून चकचकीत चांदी पेपर लावला, वरती 100 वॅटची एलईडी लाइट टांगली आणि बेसिल, लेट्यूस, मिरचीची रोपं ठेवली. आठवड्याने फोन आला, "अरे दोन-दोन पंखे लावलेत आत, तरी थर्मामीटर 39 दाखवतंय, तिसरा लावू का?" मी म्हटलं तिसरा नको मावशी, आहे त्यातला एक काढ, कपाटाला भोक पाड आणि तो तिथे बसव.

तिचे दोन्ही पंखे आत होते, म्हणजे तीच गरम हवा गोल गोल फिरत होती आणि पंख्याच्या मोटरची थोडीशी उष्णता त्यात वर पडत होती. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून, खोलीचं तापमान त्याने उतरत नाही, बंद खोलीत रात्रभर पंखा लावून थर्मामीटर बघा. पानांतूनही पाणी उडतं त्यामुळे पानाला थोडा गारवा मिळतो हे खरं, पण लाइटने कपाटात ओतलेली उष्णता कुठे जाणार? शंभर वॅटची लाइट म्हणजे आत शंभर वॅटचा छोटा हीटरच समजा, कारण जो उजेड पडतो तोसुद्धा पानांवर नि भिंतींवर पडून शेवटी जवळजवळ सगळा उष्णताच होतो. एलईडी गरम होत नाही हे वाक्य मला फार नडलंय, बल्बपेक्षा कमी विजेत तेवढाच उजेड देते एवढाच त्याचा अर्थ.

मग आतला पंखा काढून टाकायचा का, तर अजिबात नाही, त्याचं काम वेगळं आहे. तो बंद ठेवून मावशीला वरच्या आणि खालच्या बाजूचं तापमान घ्यायला सांगितलं, वर 42 आणि खाली 34 निघालं. चालू केल्यावर दोन्हीकडे 38-39. म्हणजे त्याने उष्णता सगळीकडे सारखी वाटली, कमी केली नाही. शिवाय पानाला चिकटून हवेचा एक दमट थर बसतो तो हलतो, भुरीसारख्या बुरशीला साचलेली दमट हवा मिळत नाही, आणि रोपं वाऱ्याने हलत राहिली की खोड जाड होतं, नाहीतर लांबुळकी होऊन आडवी पडतात. पंख्याचा झोत थेट रोपावर नको, पानं नुसती डुलली पाहिजेत, फडफडायला लागली तर कडा सुकतात.

हवा बदलणारा पंखा मात्र कपाटाच्या भिंतीत बसतो. गरम हवा वर जाते म्हणून हा वरच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा, आणि गार हवा आत यायचं भोक समोरच्या बाजूला तळाशी, म्हणजे हवा रोपांमधून तिरपी वर जाते. आत येणारं भोक पंख्याच्या तोंडाच्या निदान दुप्पट ठेवा, त्यावर मलमल किंवा जाळी लावणार असाल तर अजून मोठं, कारण दोन-तीन आठवड्यांत धूळ बसते आणि पंखा फिरत असूनही हवा येत नाही. कॉम्प्युटरचा 120 मिलिमीटरचा पंखा असेल तर ज्या बाजूला पात्यांपुढे प्लॅस्टिकच्या आडव्या दांड्या असतात तिथून हवा बाहेर पडते, मावशीने पहिल्यांदा तो उलटाच बसवला होता.

आता पंखा केवढा घ्यायचा, इथे बहुतेक लोक चुकतात. कपाटाचं घनफळ काढून मिनिटाला एकदा हवा बदलेल एवढा पंखा घ्या असं सर्रास सांगतात. मावशीचं कपाट 2 बाय दीड बाय 4 फूट, म्हणजे 12 घनफूट, त्या हिशोबाने मिनिटाला 12 घनफूट पुरे. पण उष्णता कपाटाच्या आकाराने ठरत नाही, वॅटने ठरते. हिशोब सोपा आहे, वॅटला 1.76 ने गुणा आणि खोलीपेक्षा किती डिग्री जास्त चालेल त्याने भागा, मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते येतं. शंभर वॅट आणि 3 डिग्री धरले तर जवळपास 59. बारा घनफुटांत हवा खेळवली तर हाच फरक 14-15 डिग्रीवर जातो, भिंतींतून थोडी उष्णता निसटते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल एवढंच. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी लागली की उतरतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. लाइटचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, कपाटाबाहेर नेता आला तर नक्की न्या, तेवढे दहा-पंधरा वॅट आतून कमी होतात.

चालतंय का ते बघायला उदबत्ती लावा. खालच्या भोकापाशी धरली की धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे, आणि दाराच्या फटीतून बाहेर येत असेल तर पंखा उलटा बसलाय. मावशीचा धूर नीट आत गेला, तासाभरात कपाट 33 वर आलं, खोली 30 होती.

आणि ते 30 हीच हद्द, हवा बदलून कपाट खोलीपेक्षा गार होत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीच 35 ला गेली तर आत 38 धराच, आणि कितीही मोठा पंखा लावला तरी 35 च्या खाली येणार नाही. अशा वेळी लाइट संध्याकाळी 7 ते सकाळी 9 चालवायची आणि दिवसा अंधार, बाहेर दिवस आहे की रात्र हे कपाटातल्या रोपांना कळत नाही.

पावसाळ्यात, खासकरून मुंबई-कोकणात, लोक विचारतात की बाहेरच इतकी दमट हवा, ती आत घेऊन काय उपयोग? उपयोग आहे. 28 डिग्रीला 85 टक्के दमटपणा असलेली हवा आत येऊन 31 ला तापली की तीच साधारण 71 टक्के होते, रोपांचा ओलावा त्यात भर घालतो तरी बंद कपाटापेक्षा पुष्कळ बरं. फक्त लाइटच्या टायमरवर हा पंखा जोडू नका, लाइट बंद झाली की कपाट गार पडतं, ओलावा तिथेच राहतो आणि सकाळी पानांवर थेंब दिसतात, मावशीचा बेसिल तसाच काळवंडला. आता तिचे दोन्ही पंखे चोवीस तास चालू असतात, आणि लेट्यूस मात्र तिने नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवलाय, कारण उन्हाळ्यात तो लगेच तुऱ्यावर येतो आणि पानं कडू लागतात.