पाय सारखे, भूक वेगळी: ५यू४जीबी आणि जीझेड३४

नाशिकच्या भद्रकालीत जुन्या सामानात दोन रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणाऱ्या काचेच्या नळ्या) हाती लागले, एक ५यू४जीबी आणि एक जीझेड३४. दोघांचं बूड आठ पायांचं, हीटर (नळी तापवणारी तार) ५ व्होल्टचा, २ आणि ८ नंबरच्या पायांवर. प्लेटा, म्हणजे जिथे ट्रान्सफॉर्मरचं एसी जोडतात त्या, ४ आणि ६ वर. एचटी, म्हणजे ॲम्प्लिफायरला लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, ८ वरून. माझ्या घरगुती ॲम्प्लिफायरला जीझेड३४ होता. बसतोय ना सॉकेटात, म्हणून ५यू४जीबी खोचला. गाणं झकास वाजलं. अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला तर टिकेना, वर वार्निशचा वास.

जीझेड३४चा हीटर १.९ अँपिअर खातो, ५यू४जीबीचा ३. सातपूरच्या वाइंडरकडून मी ट्रान्सफॉर्मरवर हीटरसाठी वाइंडिंग (तारेची गुंडाळी) करून घेतली होती ती २ अँपिअरची. चूक माझीच.

उलट बदल केलात, म्हणजे ५यू४जीबीच्या जागी जीझेड३४ लावलात, तर हीटरची काळजी नाही, पण एचटी चढते. भरात चालताना ५यू४जीबी स्वतःच ५० व्होल्टच्या आसपास गिळतो, जीझेड३४ जेमतेम १७. म्हणजे पॉवर व्हॉल्व्हवर (स्पीकर वाजवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हवर) तीसेक व्होल्ट जादा. त्यांचा बायस, म्हणजे गाणं नसतानाचा करंट ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज, पुन्हा बघावाच लागतो.

खरी मेख मात्र स्विच टाकल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत आहे. ५यू४जीबीत फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, हाच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग). तार दोन-तीन सेकंदांत लाल होते आणि एचटी हजर, तेव्हा पॉवर व्हॉल्व्ह अजून थंडच. करंट ओढायला कोणी नसल्यामुळे ३५०-०-३५०च्या (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना ३५० व्होल्ट) ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज थेट ४९५च्या घरात जातं. तिथे ४५० व्होल्टचा कंडेन्सर लावणं म्हणजे फटाका लावणं. दोन कंडेन्सर सिरीजमध्ये घ्या, व्होल्टेज सारखं वाटलं जावं म्हणून प्रत्येकाला समांतर समान रेझिस्टर टाका. जीझेड३४मध्ये हीटरभोवती कॅथोडची वेगळी नळी असते. ती तापेपर्यंत बाकीचेही जागे होतात, एचटी सावकाश चढते. तरी कंडेन्सर जास्त व्होल्टचाच घ्यावा, एखादा पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवला असेल तर?

रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर ५यू४जीबीला ४०, जीझेड३४ला ६० मायक्रोफॅरडपर्यंत.

आवाजातल्या फरकाच्या गप्पा फार चालतात. सिंगल-एंडेड क्लास ए ॲम्पमध्ये (एकच पॉवर व्हॉल्व्ह पूर्ण सिग्नल हाताळतो) करंट जवळपास स्थिर असतो, तिथे मला तरी काही ऐकू आलं नाही. जोरात वाजणाऱ्या पुश-पुल (व्हॉल्व्हची जोडी आलटून पालटून काम करते अशा) गिटार ॲम्पमध्ये एचटी दबते, तो भाग निराळा.

माझ्या सॉकेटशेजारी आता मार्करने लिहिलंय: फक्त जीझेड३४. ५यू४जीबीसाठी साडेतीन अँपिअरची नवी वाइंडिंग सातपूरला टाकलीय, मंगळवारी मिळेल म्हणतात.